मावळतीला नाथसागर, उगवतीला उद्यान



मराठवाड्याला समुद्र नाही. पण पाण्यात बुडणारा सूर्य आहे. तो पाहायला पैठणला जावं लागतं. छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटर. पैठण म्हटलं की बहुतेकांना आधी नाथमहाराज, म्हणजे संत एकनाथ, आठवतात, मग पैठणी, मग धरण. फोटो काढणाऱ्या माणसाचा क्रम उलटा. त्याच्या गळ्यात कॅमेरा असला, की नाथांच्या दर्शनाला कधी जायचं हेसुद्धा तो मावळतीची वेळ पाहूनच ठरवतो. नाथ समजून घेतील.

पैठणची मावळती इतकी मोठी का दिसते, याचं कारण भूगोलात आहे. गोदावरी इथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तिला आडवी, जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत घातली, आणि अडलेलं पाणी मावळतीच्या बाजूला पसरलं. जलाशयाची लांबी सुमारे ५५ किलोमीटर, आणि जिथे तो सर्वांत रुंद आहे तिथे २७. पाण्यापासून दहा मीटर उंचीवर उभं राहिलं तर माणसाला अकरा-बारा किलोमीटरपर्यंतचंच पाणी दिसतं, पुढचं पृथ्वीच्या गोलाईआड जातं. त्यामुळे काही दिशांना पलीकडचा काठ दिसतच नाही. सूर्य खरोखर पाण्याच्या रेघेवर टेकतो. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरणाचं जायकवाडी हे नाव मात्र पैठणचं नाही. आधीचा बेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधण्याचा होता. जागा बदलली, कागदावरचं नाव तेवढं सोबत आलं. जलाशयाला नाव मिळालं नाथसागर, आणि ते शोभतं.

आता एक हिशेब सांगतो. फोटो काढणाऱ्याला तो कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. धरण काठोकाठ भरलं की सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पाणी पसरतं. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार करा: सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर येते. एवढ्या अफाट पाण्याला एवढीच खोली! नाथसागर म्हणजे परात आहे, घागर नव्हे. परातीतलं पाणी बोटभर कमी झालं तरी काठ उघडा पडतो. इथेही पातळी दोन-तीन मीटर उतरली की सपाट भागात पाणी कितीतरी लांब सरकतं. दिवाळीच्या सुमारास ज्या दगडावर उभं राहून तुम्ही लाटेचा फोटो काढलात, तोच दगड एप्रिलमध्ये मातीच्या मैदानात एकटा उभा दिसेल. म्हणून ‘पैठणचा सूर्यास्त’ नावाचा एकच फोटो असू शकत नाही. भरलेल्या धरणाचा सूर्यास्त वेगळा, अर्ध्या धरणाचा वेगळा, आटलेल्या धरणाचा आणखी वेगळा. माझं म्हणणं असं, की इथे येणाऱ्याने आधी पाण्याची पातळी पाहावी, मग आभाळ.

सूर्यही एका जागी मावळत नाही. शाळेत उत्तरायण-दक्षिणायन पाठ केलेलं असतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या पंचवीसएक अंश डावीकडे, म्हणजे दक्षिणेला मावळतो. जूनमध्ये तितकाच उजवीकडे. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बरोबर पश्चिमेला. वेळही बदलते. डिसेंबरात सहाच्या आत आटोपतं, जूनमध्ये सात वाजून गेले तरी सूर्य वरच असतो. पाण्यात उभं असलेलं एखादं वाळकं झाड तुम्हाला सूर्याच्या बरोबर पुढे हवं असेल, तर कॅलेंडर पाहा किंवा पाय चालवा. सूर्य तुमच्यासाठी सरकणार नाही.

रंगांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. धूळ-धूर जास्त, तितका सूर्यास्त रंगीत, असं लोक खात्रीने सांगतात. मला ते पटत नाही, आणि निरीक्षणही त्याच्या उलट आहे. सूर्य क्षितिजाशी आला की त्याच्या किरणांना डोक्यावरच्या मानाने तीस-चाळीस पट हवेतून यावं लागतं. त्या वाटेत निळा प्रकाश विखरून जातो, तांबडा-नारिंगी उरतो. हे काम हवेचे रेणूच करतात. जमिनीलगतची धूळ वर पडली की रंग खुलत नाहीत, मळतात. पौष-माघात, आणि उन्हाळ्यात तर नेहमीच, सूर्य पाण्याला टेकण्याआधीच फिकट तांबड्या टिकलीसारखा होतो आणि राखाडी थरात विरतो. याउलट भाद्रपद-आश्विनात पावसाने धुतलेली हवा असते, वर ढगांचे पातळ पिंजलेले पदर असतात. तेव्हाची संध्याकाळ पाहा.

सूर्याचा खालचा काठ पाण्याला लागला की तो पूर्ण बुडायला सव्वादोन मिनिटांच्या आसपास वेळ घेतो. गंमत म्हणजे आपण ‘टेकला’ म्हणतो तेव्हा तो खरं तर क्षितिजाखाली गेलेलाच असतो. हवा किरणांना वाकवते, म्हणून तो दिसत राहतो. खालचा काठ वरच्यापेक्षा जास्त उचलला जातो, त्यामुळे बिंब दोन्हीकडून दाबल्यासारखं चपटं दिसतं. कॅमेऱ्याचा दोष समजू नका.

मोबाइलवाल्यांची तक्रार ठरलेली: डोळ्यांना एवढा मोठा दिसला, फोटोत ठिपका आला. आकाशात सूर्याची रुंदी फक्त अर्धा अंश आहे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने त्याची प्रतिमा सेन्सरवर जेमतेम अर्धा मिलिमीटर पडते. चारशेचं भिंग लावलं तर साडेतीन-पावणेचार. मोबाइलचं भिंग फार रुंद पाहतं, म्हणून त्याने सूर्य मोठा करण्याच्या फंदात पडू नये. त्याने आभाळ आणि पाणी घ्यावं. स्क्रीनवर आभाळाच्या उजळ भागावर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. फोटो काळपट वाटेल, पण रंग परत येतील. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर असेल तर तो ‘डेलाइट’वर आणा. नाहीतर यंत्राला वाटतं, हा तांबूसपणा चूक आहे, आणि ते इमानेइतबारे तो दुरुस्त करून टाकतं. फ्लॅश बंद. क्षितिजाची रेघ सरळ धरा. तिरका डोंगर खपतो, तिरकं पाणी खपत नाही. आणि मोठं भिंग लावलेल्या कॅमेऱ्याच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून झगझगीत सूर्याकडे डोळा लावू नका. डोळा एकदा भाजला की परत मिळत नाही.

सूर्य बुडाला की काठावरची गर्दी गाड्यांकडे वळते. गाड्यांचे दिवे लागतात, भाजलेल्या कणसांचे बुरखुंडे मागे उरतात. खरा कार्यक्रम तिथून सुरू होतो. दहा-पंधरा मिनिटांत उंच ढगांना खालून प्रकाश लागतो आणि आभाळ पुन्हा पेटतं. याच वेळी एखादा भोई आपला चप्पू घेऊन जाळी टाकायला निघतो. चप्पूच्या मागे पाण्यावर जी फाकत जाणारी रेघ उमटते तिच्याकडे नीट पाहा. लाटेचा मावळतीकडचा उतार गुलाबी असतो, उगवतीकडचा पोलादी निळा. प्रत्येक उतार आपापल्या दिशेच्या आभाळाचा तुकडा दाखवत असतो. चप्पू पुढे जातो, रेघ रुंदावते, आणि दोन रंगांचे पट्टे एकमेकांत मिसळत काठापर्यंत येतात. हा फोटो मला बिंबाच्या फोटोपेक्षा सरस वाटतो, कारण त्यात सूर्य नसून त्याचं सगळं काम असतं.

मग सूर्याकडे पाठ करा. आभाळ निरभ्र असेल तर पूर्वेला, गावाच्या वर, जमिनीला लागून एक निळसर-राखाडी पट्टा हळूहळू चढताना दिसतो, आणि त्याच्या माथ्यावर फिकट गुलाबी किनार. तो निळा पट्टा ढग नाही. ती हवेवर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली आहे. आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत सगळं काळवंडतं. तेवढ्यात तो पट्टाही रात्रीत मिसळून जातो. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या शंभर माणसांपैकी किती जण मागे वळतात, ते तुम्हीच पाहा.

धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. म्हैसूरजवळच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर ते उभारलं. हिरवळ, झाडं, कारंजी असा सगळा थाट. त्याने बहराचे दिवस पाहिले, तशी दुर्लक्षाची वर्षंही पाहिली. पण फोटोच्या दृष्टीने लक्षात ठेवायचं ते वेगळंच. उद्यान भिंतीच्या पूर्वेला, म्हणजे मावळतीच्या उलट बाजूला आहे. सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर आला की तीस मीटर उंचीच्या भिंतीची सावली साडेतीनशे मीटरपर्यंत जाते. म्हणजे सूर्यास्ताला वीस मिनिटं उरलेली असतानाच भिंतीलगतच्या उद्यानात दिवस संपतो. संध्याकाळी तिथे थांबून सूर्याची वाट पाहणाऱ्यांची निराशा ठरलेली. उद्यान सकाळचं आहे. कोवळं ऊन थेट झाडांच्या तोंडावर येतं, गवतावर दव असतं, झाडांच्या सावल्या भिंतीकडे लांबतात. संध्याकाळ पाण्याला द्या, सकाळ झाडांना. एक मुक्काम करावा लागेल, त्याला इलाज नाही.

आणि धरणाच्या भिंतीवर, दरवाज्यांजवळ किंवा वीजघरापाशी मनाईचा फलक असेल तर तो मानायचा. ‘साहेब, एकच काढतो’ म्हणून पहारेकऱ्याशी हुज्जत घालणारे पाहिले की मला त्या पहारेकऱ्याची दया येते. काठ एवढा लांब आहे, की परवानगीच्या जागा आयुष्यभर पुरतील.

हा सगळा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. उथळ काठ आणि चिखल पक्ष्यांना मानवतो. हिवाळ्यात चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात, कधी रोहित. पाणकावळे आणि काळेभोर, पांढऱ्या कपाळाचे वारकरी तर थव्यांनी. मावळत्या बिंबावरून उडत जाणारी रांग कोणाला नको असते? पण ती मिळावी म्हणून थव्यावर खडे मारणारे, नाव अंगावर घालायला लावणारे, परवानगीवाचून ड्रोन उडवणारे मी पाहिले आहेत. दिवसभर खाऊन संध्याकाळी टेकलेला पक्षी उगाच उठवला की त्याची रात्रीची शिदोरी खर्च होते. तसा फोटो कितीही सुंदर आला तरी मी त्याला दाद देत नाही.

शेवटी पुन्हा पाण्याकडे येतो. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात मथळा येतो: जायकवाडी शून्य टक्के. २०१६ च्या उन्हाळ्यात असाच साठा मृत पातळीखाली गेला होता. तो मथळा वाचून काठावर गेलेला माणूस गोंधळतो. समोर तर पाणी दिसतंय! टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, आणि तो २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. त्याखाली ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा उरतो. म्हणजे ‘शून्य टक्के’ म्हणतात तेव्हाही सुमारे २६ टीएमसीपर्यंत (अब्ज घनफूट) पाणी तिथे असू शकतं. त्यात तांबडा सूर्य पडला की फोटो भरल्या धरणासारखा दिसू शकतो. नुसता फोटो फसवतो, आणि नुसता आकडाही. पाणी सरकलं की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर गाळपेर होते. कधीकाळी गावं आणि शेतं होती त्याच जमिनीवर पुन्हा हिरवे तुकडे दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे पाण्याची बारीक चकाकणारी रेघ. नाशिक-नगरची धरणं आणि जायकवाडी यांच्यात पाणीवाटपाचा वाद दर दुष्काळात पेटतो. त्या वादातले आकडे ज्यांना कोरडे वाटतात, त्यांनी एकाच जागेवरून ऑक्टोबरात आणि मे महिन्यात काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून पाहावेत.

त्यासाठी एक छोटं काम करा. धरणाची पातळी आणि टक्केवारी रोज जाहीर होते; पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मोबाइल फोटोसोबत तारीख-वेळ साठवतो, पण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे गेला की ती माहिती बहुधा गळून पडते. म्हणून घरी आल्यावर फोटोच्या नावातच तारीख, उभं राहिलेली जागा आणि त्या दिवसाची टक्केवारी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच सुमारास जा, आणि मागचा फोटो सोबत न्या.