आनंदीबाईंची सिद्धता

आज घरातील मूल परदेशी शिकावयास निघाले म्हणजे प्रथम चर्चा होते ती पैशाची व गरम कपड्यांची. आनंदीबाई जोशी यांना त्याआधी समाजाला उत्तर द्यावे लागले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, अठरावे वर्षही पुरे झाले नसता, त्या बंगालमधील श्रीरामपूर येथे कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहिल्या. अमेरिकेसच का, एकटीच का, परतल्यावर वाळीत टाकले तर काय, असे लोक विचारीत ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचा परामर्श घेतला. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, हा त्यांचा निश्चय होता. खर्चासाठी सोन्याच्या बांगड्या विकल्या गेल्या. गोपाळराव मागेच राहिले.

पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडत, म्हणून त्यांनी गुजराती धाटणीची नेसण पत्करली. लुगडे मात्र सोडले नाही.

त्या सहा प्रश्नांत प्रकृतीचा प्रश्न वेगळा असा नव्हता. वास्तविक निघण्यापूर्वीच डोकेदुखी, ताप आणि धाप त्यांच्या मागे लागली होती. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही धाडली होती. गुण आला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.