आगोटीची बेगमी

मे महिना सरत आला की कोकणातल्या घराघरांत लगबग सुरू होते. एकदा पाऊस लागला की ओढे भरतात, वाटा अडतात, बाजार गाठणं जड जातं. त्यातच १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. म्हणून पावसाळ्याचं सामान आधीच घरात येतं; हीच आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडावरची, बेगमी.

वर्सोवा, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या वलांडीवर टांगतात. वारा आणि ऊन बाकीचं काम करतात. सुके बोंबील, सोडे, जवळा, आमसुलं, कुळीथ, फणसाचे पापड असा हा साठा.

या साऱ्यामागचं शास्त्र एकच: ओलावा घालवणं. ओल राहिली की बुरशी येते, किडीचंही फावतं. म्हणून धान्य कडक उन्हात वाळवावं, पण पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावं. गरम भरलं तर आत वाफ धरते. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावला की कीड दूर राहते.

घरच्या साठ्याला मर्यादाही असतात. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या कणग्या रिकाम्या झाल्या, तेव्हा रेशनवरचा मिलो (लाल ज्वारी) आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) यांनी लोकांना तगवलं.

तेव्हा श्रोतेहो, साठा जरूर करा, पण गरजेपुरताच. डब्यावर भरल्याची तारीख लिहा आणि जुनं धान्य आधी वापरा.