आपल्या जंगलाचे लेखक कोण?

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.)



मागच्या भागानंतर सिरोंच्याहून एका दोस्ताचा मेसेज आला. पोलीस भरतीची तयारी करतोय, सकाळी धावताना आपला पॉडकास्ट ऐकतो. त्यानं विचारलं, "ताई, तुमचे आवडते थोर लेखक कोण? पण पुण्या-मुंबईचे नका सांगू. त्यांचे फोटो आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर आहेतच."

प्रश्न भारी आहे. म्हणून आज मी ज्यांची नावं घेणार आहे, ते एक तर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीबद्दल लिहिणारे आहेत, नाही तर असे की ज्यांचं पुस्तक इथं बसून वाचलं की वाटतं, अरे, हे तर आपलंच चाललंय. भाषा कुठली का असेना.

सुरुवात मारुती चितमपल्लींपासून. जन्म १९३२ चा, सोलापूरचा. घरची भाषा तेलुगू, म्हणजे सिरोंचावाल्यांना जवळची. छत्तीस वर्षं वनखात्यात नोकरी केली. आपल्या शेजारचं नवेगावबांध, नागझिरा, तिकडं मेळघाट, असं सगळं पायाखाली घातलं. २००६ मध्ये ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

मला ते आवडतात ते शब्दांसाठी. बगळ्यांची एकत्र घरटी असतात त्या जागेला ते सारंगागार म्हणतात, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. शब्द संस्कृत वळणाचे आहेत, पण त्यामागचं बघणं रानातल्या माणसांकडून आलेलं आहे. पारधी, ढिवर, गोंड अशा माणसांकडून आपण शिकलो, हे ते मोकळेपणानं लिहितात. साहेब असून. गणवेशातल्या माणसापुढं जंगलातला माणूस सहसा गप्प बसतो हे तुम्हाला माहीत आहे. याच्यापुढं तो बोलला, म्हणजे याच्यात काहीतरी असणार.

एक सांगून ठेवते. चितमपल्ली दंतकथा आणि निरीक्षण एकाच सुरात सांगतात. कधी ऐकीव गोष्ट सुरू झाली हे कळतही नाही. ती मजा घ्या, पण परीक्षेत उत्तर म्हणून लिहू नका! 'रानवाटा'पासून सुरू करा. छोटं पुस्तक आहे.

आता वाघ. त्याशिवाय चंद्रपूरचा विषय होत नाही. ताडोब्यात जिप्सीतून दिसणाऱ्या वाघाचे रील तुम्ही रोज बघता. पण मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जाणाऱ्या बायांना जो वाघ भेटतो, तो रीलमध्ये नसतो. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडं उन्हाळ्यात कोणत्या बातम्या येतात ते मी सांगायला नको. अशी बातमी आली की मला जिम कॉर्बेट आठवतो. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे पुस्तक १९४४ चं. लोक त्याला शिकारकथा समजतात. मला वाटतं ते गावांबद्दलचं पुस्तक आहे. चंपावतच्या वाघिणीनं ४३६ माणसं मारली असा आकडा तो देतो, पण आकड्यावर थांबत नाही. गावात जाऊन बसतो. दारं बंद करून बसलेल्या लोकांशी बोलतो, मेलेली बाई कुठं गवत कापत होती, सोबत कोण होतं, हे विचारतो. वाघाचीही बाजू मांडतो. वाघ माणसावर का उलटला, जुनी जखम होती का, दात तुटला होता का, हे शोधतो. वाघावर प्रेम आणि मेलेल्या बाईबद्दल दुःख, दोन्ही एकाच माणसात मावतं. आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र एक बाजू निवडावी लागते.

हेमलकशाकडं वळू. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या जिथं मिळतात, तो भाग. १९७३ च्या डिसेंबरात तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमट्यांचं 'प्रकाशवाटा' बहुतेकांनी वाचलेलं असतं, किमान त्यांच्यावरचा सिनेमा तरी बघितलेला असतो. म्हणून मी दुसरं नाव घेते. विलास मनोहर. 'नेगल' हे तिथल्या प्राण्यांवरचं पुस्तक, आणि 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी. ही कादंबरी वाचाच. एक माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा पोचतो, त्यात कोणाकोणाचा हात असतो, हे ती शांतपणे सांगते. भाषण नाही. गडचिरोली म्हटलं की बाहेरचा माणूस एकच शब्द उच्चारतो. त्या शब्दामागं माणूस कसा घडतो हे मला कुठल्या बातमीतून इतकं कळलं नव्हतं.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं पुस्तक, जे दुकानात मागितलं तर दुकानदार दोनदा नाव विचारतो. डॉ. राणी बंग यांचं 'गोईण'. गोईण म्हणजे मैत्रीण. राणीताई आणि डॉ. अभय बंग १९८६ पासून गडचिरोलीत काम करताहेत. बाळांच्या घरच्या घरी उपचाराचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगात गाजला. तो गाजायलाच हवा होता. पण त्याच डॉक्टरबाई गावातल्या बायांजवळ बसून झाडांबद्दल ऐकत होत्या. कुठलं झाड कशाला कामी येतं, कुठल्या झाडाची गोष्ट आहे, कुठलं तोडायचं नाही. त्यातून 'गोईण' झालं. याला काय म्हणणार? वनस्पतिशास्त्र, लोककथा, आरोग्य, सगळंच आहे. ज्या बाईला शाळेत 'अडाणी' म्हणून मोजलं जातं, ती या पुस्तकात मास्तरीण आहे. माझ्या आजीला झाडांची जितकी नावं यायची, त्यातली निम्मी मला येत नाहीत. तुम्हाला येतात का? खरं सांगा.

चितमपल्ली काय, कॉर्बेट काय, राणीताई काय, हे सगळे नोकरीनं, कामानं किंवा ध्येयानं जंगलातल्या लोकांपर्यंत पोचलेले. बाहेरून आलेल्या माणसाची अडचण काय असते, हे मला एका बंगाली पुस्तकानं शिकवलं. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांचं 'आरण्यक'. 'पथेर पांचाली'वाले तेच. हिंदीत सहज मिळतं आणि आपल्याकडं हिंदी सगळ्यांनाच येते. गोष्ट बिहारच्या जंगलातली. कलकत्त्याचा एक तरुण जमीनदाराचा मॅनेजर म्हणून जातो. काम काय, तर जंगल शेतीसाठी वाटून द्यायचं. तो हळूहळू त्या जंगलाच्या प्रेमात पडतो आणि रोज सही करून तेच जंगल संपवतो. एटापल्लीच्या रस्त्यावर सुरजागडचे लोहखनिजाचे ट्रक बघितले की मला तो मॅनेजर आठवतो. तिथं काम करणारी पोरंही आपलीच आहेत, त्यांना रोजगार हवाच आहे. 'आरण्यक'मध्ये खलनायक नाही, म्हणून ते जास्त लागतं.

दुसऱ्या बंगाली बाई महाश्वेतादेवी. बिरसा मुंडांवरची त्यांची कादंबरी 'अरण्येर अधिकार', १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार. हिंदीत 'जंगल के दावेदार'. आपल्याकडं बाबूराव शेडमाके झाले. मोलमपल्लीचे जमीनदार, इंग्रजांशी लढले, २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी गेले. महाश्वेतादेवींच्या तोडीची कादंबरी बाबूरावांवर मला वाचायची आहे. ऐकणाऱ्यांपैकी कोणी लिहिणारं असेल, तर मी वाट बघतेय.

आता नाटक. आणि इथं आपल्याला कोणाकडून काही शिकायचं नाही. दिवाळी झाली की वडशाला मंडळ्यांचे बोर्ड लागतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटक. कुठं मंडई, कुठं शंकरपट, धान निघालेलं, हातात थोडा पैसा. थंडीत चादरी पांघरून लोक पहाटेपर्यंत बसतात. मोबाइल आला, ओटीटी आलं, तरी झाडीपट्टी चालूच आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीची. मला खटकतं ते एवढंच की आपण नटाला ओळखतो आणि नाटक लिहिणाऱ्याला विसरतो. संहिता बहुतेक छापल्याच जात नाहीत. हंगाम संपला की वही पेटीत. पुढच्या वेळी नाटकाला गेलात तर बोर्डवर लेखकाचं नाव वाचा.

कवितेत मी दोन नावं घेईन. यवतमाळकडचे भुजंग मेश्राम, ज्यांच्या संग्रहाचं नावच 'उलगुलान' आहे, बिरसाच्या बंडाचा शब्द. आणि आपल्या गडचिरोलीच्या कुसुम अलाम, 'रानआसवांचे तळे'. चंद्रपूरला १९७९ आणि २०१२ अशी दोनदा अखिल भारतीय संमेलनं झाली. दोन्ही अध्यक्ष विदर्भाचे, वामन कृष्ण चोरघडे आणि वसंत आबाजी डहाके. चांगलंच झालं. पण मांडवाबाहेर, बाजारात, एसटीत जी गोंडी, माडिया ऐकू येते, तिचं काय?

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे एकोणतीस लाखांच्या वर आहेत. साहित्य अकादमी दरवर्षी चोवीस भाषांना पुरस्कार देते, त्यात गोंडी नाही. आठव्या अनुसूचीतही नाही. म्हणजे गोंडीत कोणी 'आरण्यक' लिहिलं, तरी त्या यादीत त्याला रकाना नाही. पण एक गंमत सांगते. गोंडीच्या दोन लिप्या आता युनिकोडमध्ये आहेत. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी २०१७ मध्ये आली. गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. गुंजाला हे गाव कुठं आहे? आदिलाबादकडं, आपल्या राजुऱ्याच्या पलीकडं. तिथं जुनी हस्तलिखितं सापडली. फॉन्ट फुकट आहेत. ज्या फोनवर तुम्ही मला ऐकताय, त्याच फोनवर ही लिपी उमटू शकते.

तर सिरोंच्याच्या दोस्ता, यादी लांबली. तू 'एका नक्षलवाद्याचा जन्म'पासून सुरू कर. भरतीच्या परीक्षेत कोणी विचारणार नाही, पण नोकरी लागल्यावर ज्या गावात तुझी पोस्टिंग होईल, तिथं उपयोगी पडेल.

बाकीच्यांनी एक करा. घरात आजी असेल, आत्या असेल, तिला एका झाडाबद्दल बोलतं करा आणि दोन मिनिटं रेकॉर्ड करा. गोंडी, माडिया, झाडीबोली, तेलुगू, काहीही चालेल. तिला विचारून, ती हो म्हणाली तरच मला पाठवा. पुढच्या भागात आपण मोहापासून सुरू करू.