पितळेची पकड

परंड्याच्या किल्ल्याच्या बुरुजांवर आजही तोफा पाहायला मिळतात. विजापूरची प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफही एके काळी याच किल्ल्यावर होती. 1549 साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ 1632 मध्ये परंड्याहून विजापूरला नेण्यात आली. आमच्या धाराशिव जिल्ह्यातली मुले सहलीला परंड्याला गेली, की तोफ केवढी, गोळा केवढा, तो किती लांब जायचा, असे प्रश्न हमखास विचारतात. मी विज्ञानाचा शिक्षक. मला त्यापुढचा प्रश्न विचारावासा वाटतो. एकाच तोफेतून, तेवढीच दारू भरून, एकापाठोपाठ दोन गोळे सोडले, तर ते एकाच जागी पडत असतील का?

ते अवघडच. तोंडातून आत सरकवायचा, तर गोळा नळीपेक्षा थोडा लहानच हवा. मग गोळा आणि नळी यांच्यात फट राहणार, त्या फटीतून वायू निसटणार, आणि तो दर वेळी सारखाच निसटेल याची खात्री नाही. म्हणजे जोर आहे, पण सारखेपणा नाही. नेमबाजीचा पुढचा सगळा इतिहास हा एका अर्थाने या सारखेपणाच्या शोधाचा इतिहास आहे.

आजच्या रायफलीचे काडतूस पाहा. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि वरच्या अरुंद मानेत घट्ट बसवलेली गोळी. ही मान आतून गोळीपेक्षा किंचित अरुंद ठेवतात. फरक साधारण पाच शतांश मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढा. गोळी दाबून बसवली की पितळ ताणले जाते आणि तिला आवळून धरते. ही झाली मानेची पकड.

एवढ्याशा पकडीने काय बिघडते? बुचाची बाटली आठवा. बूच घट्ट असेल तर आतला दाब बराच वाढल्यावर ते उडते, सैल असेल तर आधीच निसटते. काडतुसातली दारू तर दाब वाढेल तशी अधिक वेगाने जळते. मानेने गोळी घट्ट धरली, तर ती हलण्यापूर्वी दाब चढतो. सैल धरली तर गोळी लवकर सरकते, मागे जागा मोकळी होते आणि दाब सावकाश चढतो. दारू तेवढीच असूनही गोळीचा वेग बदलतो. म्हणून पकड फार घट्ट असण्यापेक्षा ती प्रत्येक काडतुसात सारखी असणे महत्त्वाचे.

अमेरिकेत आणि युरोपात लांब पल्ल्याचे अनेक नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात. बार उडताना मान फुगते, म्हणून ती साच्यात दाबून पुन्हा अरुंद करावी लागते. इथे पितळेचा स्वभाव आडवा येतो. बांधणीची तार पुन्हापुन्हा वाकवली की ती ताठर होते आणि शेवटी तुटते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पितळही तसेच. दर वेळी फुगून आणि दाबून ते कडक होत जाते, साच्यातून बाहेर पडताच थोडे उलटते, आणि चार वेळा वापरलेली पुंगळी नव्या पुंगळीसारखी पकड देत नाही. म्हणून जाणकार मंडळी एकाच घाण्यातल्या, सारख्याच वेळा वापरलेल्या पुंगळ्या एकत्र ठेवतात, मानेची जाडी मोजतात, आतली काजळी सगळ्यांत सारखी ठेवतात आणि ठरावीक वापरानंतर फक्त मान तापवून पितळ पुन्हा मऊ करतात. आपले तांबट हंडा ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतात, ते याचसाठी. अर्थात, आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे. घरी करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

पण पितळेच्या या ताणाचा एक मोठा धडा जगाला मिळाला तो आपल्याच देशातल्या पावसाळ्यात. इंग्रज अमदानीत पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत, आणि काडतुसे कोरड्या दिवसांपर्यंत घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तर कित्येक पुंगळ्यांना तडे गेलेले. ना कोणी आपटलेल्या, ना कोणी वापरलेल्या. मोसमात जाणारे तडे म्हणून इंग्रजांनी याला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव दिले. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. तबेल्यात घोड्यांच्या मुतातून अमोनिया वायू तयार होतो, तोच नाकाला झोंबणारा वास. दमट हवेत हा वायू पितळेवर हल्ला चढवतो, पण विशेष करून तिथे, जिथे पितळ आतून ताणलेले असते. म्हणजे जी मान गोळीला आवळून धरते, ती आपल्याच पकडीच्या ताणाने फुटत होती. ऐन वेळी असे काडतूस हाती आले तर शिपायाचे काय होणार, हे सांगायला नको. उपाय दोन निघाले. काडतुसे तबेल्यापासून दूर ठेवायची, आणि पितळ तापवून त्यातला नको असलेला ताण काढून टाकायचा.

आता आपल्या घरचे उदाहरण. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींतील स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. प्राथमिक फेरीत 600 पैकी 590 गुण मिळवून ते सातवे आले होते. पहिले आठच अंतिम फेरीत जातात. 589 गुण मिळवणारे आपलेच ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर अकरावे राहिले. एका गुणाचा फरक!

या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. साधा हिशोब करू. गोळी सेकंदाला 330 मीटर वेगाने गेली, तर 50 मीटर जाईपर्यंत ती सुमारे 11 सेंटिमीटर खाली येते. रायफल तेवढे धरूनच जुळवलेली असते. पण एखाद्या गोळीचा वेग 320 मीटरच भरला, तर ती आणखी 7 मिलिमीटर खाली लागते. लक्ष्यावर दोन वर्तुळांमधले अंतर 8 मिलिमीटर. म्हणजे नेम अचूक, श्वास रोखलेला, हात स्थिर, आणि तरीही जवळजवळ एक गुण गेला.

या रायफलीची लहान काडतुसे पुन्हा भरता येत नाहीत, कारण ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच असतो. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात, वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसे तिच्यातून उडवून पाहतात आणि ज्या घाण्याच्या खुणा सर्वांत जवळजवळ पडतात तोच विकत घेतात. वर्षानुवर्षांचा सराव असल्या काडतुसावर सोपवायचा, तर ते पारखून घ्यायलाच हवे.

महाराष्ट्रात लष्करासाठी काडतुसे बनवणारे जुने कारखाने आहेत; खडकीचा 1869 चा आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा 1964 चा. लष्करी प्रदर्शनात कधी रायफलीचे काडतूस पाहायला मिळाले, तर त्याच्या मानेकडे नीट लक्ष द्या. बाकीचे पितळ पिवळेजर्द आणि मानेपाशी मात्र काळपट, निळसर झाक दिसली, तर ते मळलेले समजू नका. मान तापवून मऊ केल्याची ती खूण आहे.