कल्हई आणि कपलर

मी कविता लिहितो आणि माझी पदवी मराठीतली, बी.ए.ची. तेव्हा हा गृहस्थ ॲक्सिलरेटरविषयी, म्हणजे कणत्वरकाविषयी काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण पोटासाठी मी बरीच वर्षं हडपसर औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपचा खरेदी विभाग सांभाळला. विभाग म्हणजे एक टेबल, एक फोन आणि मी. तिथं २००३ साली एका संशोधन संस्थेची ऑर्डर आली. कपलरचे तांब्याचे भाग, नग बारा.

कपलर म्हणजे काय, हे कळायला आधी ते ज्या पोकळीला जोडतात ती पाहायला हवी. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन नावाचा त्वरक १९८८ साली सुरू झाला. त्यातून निघालेल्या कणांना आणखी वेग देणारा अतिसंवाहक विभाग २००७ साली पूर्ण झाला. त्यात २८ पोकळ्या आहेत. तांब्याच्या, आणि आतून शिशाचा पातळ थर दिलेल्या. द्रवरूप हेलियमनं त्यांना उणे २६९ अंशांच्या आसपास गार केलं की शिशाचा विद्युतरोध जवळजवळ नाहीसा होतो. आतलं विद्युतक्षेत्र सेकंदाला १५ कोटी वेळा हेलकावतं आणि नेमक्या क्षणी आलेल्या कणाला पुढे ढकलतं. झोपाळ्याला वेळ साधून झोका द्यावा, तसं. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या प्रचंड यंत्रात अशा १६ पोकळ्या आहेत. त्याही तांब्याच्याच, फक्त थर नायोबियम धातूचा.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, अरे, ही तर कल्हई! माझे अब्बा कल्हईवाले होते. भात्यावर भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं एका झटक्यात पुसून घ्यायचं. घासून ठेवलेल्या भांड्याला मी बोट लावलं की ते ओरडायचे, ‘हात नको लावूस, तिथं कल्हई धरायची नाही.’ अतिसंवाहक पोकळीचंही तसंच आहे. आत धुळीचा एक कण राहिला तरी तिथून इलेक्ट्रॉन उसळतात, ती जागा तापते आणि अतिसंवाहकता मोडते. म्हणून नायोबियमच्या पोकळ्या अतिशुद्ध पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतात आणि निर्धूळ खोलीत जोडतात.

आता कपलर. बाहेर आपल्या हवेत तयार झालेली रेडिओ-शक्ती त्या भयंकर थंड पोकळीत न्यायची, पण सोबत उष्णता न्यायची नाही. कारण त्या तापमानाला एक वॅट उष्णता आत शिरली की ती उपसायला बाहेर दोनशेहून अधिक वॅट वीज जाळावी लागते. यावरची युक्ती मला फार आवडते. नळी करायची स्टेनलेस स्टीलची, कारण त्यातून उष्णता सावकाश जाते. तिच्यावर द्यायचा तांब्याचा काही मायक्रॉनचा मुलामा, कारण रेडिओलहरींचा प्रवाह धातूच्या कातडीतूनच वाहतो. म्हणजे पुन्हा कल्हईच. मध्ये चिनी मातीच्या भावंडाची, ॲल्युमिनाची, एक चकती. तिच्यातून लहरी जातात, हवा जात नाही.

डॅम्पर हे त्याचं उलटं काम. कणांचा झुबका पोकळीतून गेला की तो स्वतःच तिला नको त्या सुरांत वाजवून जातो आणि मागून येणारे झुबके त्या सुरांनी भरकटतात. देवळातली घंटा हातानं धरली की गप्प होते. इथं मात्र मूळ सूर तसाच ठेवून बाकीचेच तेवढे बाहेर काढायचे असतात. एवढी निवड करणारा हात धातूत घडवायचा, तेव्हा मिलिमीटरचे शतांश मोजावे लागतात.

आमच्या ड्रॉइंगवर तांब्यासाठी एकच ओळ होती : ऑक्सिजनमुक्त, शुद्धता ९९.९९ टक्के, प्रमाणपत्रासह. अशा कामात नग थोडे, म्हणून मोठे कारखाने हात लावत नाहीत. छोटे लावतात, तर टेंडर मिळतं सर्वांत स्वस्त भरणाऱ्याला. आम्ही स्वस्त भरलं होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे सळई बऱ्याच कमी दरात मिळाली. सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स. तिच्यावरचा हीट नंबर आणि सळईवरचा ठोकलेला नंबर जुळत नव्हता, हे मी पाहिलं होतं. ‘चालतं हो, माल एकच आहे,’ व्यापारी म्हणाला. मालकांनी दर पाहिला आणि खूश झाले. मी गप्प बसलो.

आमच्या मिस्त्रींनी महिनाभर लेथवर ते बारा नग कातले. त्यांचा हात असा, की फिनिश पाहून आम्ही शेजारच्या गाळ्यातल्या लोकांना बोलावून दाखवलं. मग नग ब्रेझिंगला गेले, हायड्रोजनच्या भट्टीत. तांब्यात ऑक्सिजन असेल तर तापल्यावर हायड्रोजन आत शिरून त्याला भिडतो आणि वाफ होते. त्या वाफेला बाहेर यायला वाट नसते. पुरीला फुगायला जागा तरी असते, तांब्याला ती नाही. ते आतून कणाकणात तडकतं.

हेलियमच्या गळती-तपासणीत एकही नग टिकला नाही. आत निर्वात, बाहेरून हेलियमची हलकी फुंकर, आणि यंत्राचा काटा चढतच गेला. वरून पाहिलं तर भाग अजूनही सुंदर दिसत होते.

मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. चिडले नव्हते. एवढंच विचारलं, ‘भाई, सर्टिफिकेट तुम्ही बघितलं होतं ना?’

‘बघितलं होतं,’ मी म्हणालो. बाकीचं सांगायला मला दोन दिवस लागले. आधी मालकांना सांगितलं, मग त्यांना. मालक बरंच बोलले. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

दुसऱ्या खेपेला मी मुंबईला गेलो तो प्रमाणपत्राची मूळ प्रत पाहूनच सळई उचलायची, असं ठरवून. इथं आणून तिचा एक तुकडा कापला आणि प्रयोगशाळेत तपासून घेतला. अहवाल येईपर्यंत मिस्त्रींनी सळई लेथला लावली नाही, आणि मीही लावा म्हणालो नाही. अहवाल आल्यावर त्यांनी तो माझ्याकडून मागून घेतला, नंबर सळईशी स्वतः ताडून पाहिला आणि मगच मशीन चालू केलं.

ते बारा नग पास झाले. बिलाचे पैसे मात्र सात महिन्यांनी आले.