आरसी की आरआर? आधी टायर बघा

तुमच्या पत्रांत आणि फोनवर एक प्रश्न हटकून असतो. रोज कॉलेजला, कामावर जायचं आहे, वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवरही उतरायचं आहे, तर केटीएमची आरसी ३९० घेऊ की टीव्हीएसची अपाची आरआर ३१०? आज त्याचंच उत्तर देतो.

चाकणला बनणाऱ्या आरसीचं इंजिन ३७३ सीसीचं आणि ताकद साडेत्रेचाळीस पीएस. आरआरचं इंजिन ३१२ सीसीचं, २०२४ च्या सुधारणेनंतर ताकद ३८ पीएस. वजन दोन्हींचं पावणेदोनशे किलोच्या आसपास. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, तिथे आरसी पुढे निघून जाईल. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक पावणेचार किलोमीटरचा, तिथे मात्र ब्रेक कुठे सोडता आणि वळणातून कसे निघता यावर बरंच ठरतं. म्हणजे नवख्या माणसाला त्या साडेपाच पीएसचा फारसा उपयोग नाही.

रस्त्यावर उलटं होतं. आरसीचे क्लिप-ऑन हँडल खाली आहेत, सगळा भार मनगटांवर येतो. पुण्याच्या सिग्नलला अर्धा तास काढलात की कळेल. आरआरवर बसणं त्या मानानं सोपं. शिवाय तिला रेन, अर्बन, स्पोर्ट, ट्रॅक असे चार मोड आहेत. ओल्या रस्त्यावर रेन मोडमध्ये थ्रॉटल मवाळ होतं आणि एबीएस जास्त सावध होतं. आपल्याकडच्या पावसात याची किंमत मोठी आहे.

पण एक सांगू? या दोन्ही गाड्यांच्या टायरचं माप एकच आहे. पुढे ११०/७०, मागे १५०/६०, रिम १७ इंची. गाडी कुठलीही घ्या, रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढा रबराचा तुकडा. त्याच्याविषयी मला कुणीच विचारत नाही!

परवा एक मुलगा आला. सायलेन्सर बदललेला, लिव्हर बदललेले, टाकीवर स्टिकर. टायर कधीचे, विचारलं, तर म्हणाला, "गाडीबरोबर आले तेच." मागचा टायर मधोमध झिजून चपटा झाला होता. रोज सरळ रस्त्यावर चालवली की तसंच होतं. असा टायर घेऊन ट्रॅकवर गाडी झुकवली की चपट्या भागाच्या कडेवरून ती एकदम पडल्यासारखी आत जाते. अरे बाबा, त्या सायलेन्सरच्या पैशांत नव्या टायरची जोडी आली असती रे! मी रागावतो, कारण मला तुम्ही संध्याकाळी धडधाकट घरी गेलेले हवे आहात.

तेव्हा नीट ऐका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. खाचा कितीही खोल दिसू देत, रबर वयानं कडक होतं आणि पकड जाते. पाच वर्षांपुढचा टायर ट्रॅकवर नेऊच नका. सेकंडहँड गाडी घेताना तर किलोमीटरच्या आधी हे आकडे वाचा.

पंक्चरची स्ट्रिप घातलेला टायरही ट्रॅकवर नको. गावात चालेल, तिथे नाही. अगदी नवा टायरही पहिल्या लॅपपासून ताणू नका, पृष्ठभाग थोडा घासला जाईपर्यंत तो निसरडा असतो.

आता हवा. ट्रॅकवर टायर तापतो, आतली हवा तापून दाब वाढतो, म्हणून तिथे प्रशिक्षक सुरुवातीला दाब कमी ठेवायला सांगतात. ते बरोबर आहे. चूक पुढे होते. दिवस संपला की मुलं त्याच कमी हवेवर, बॅग लावून, हायवेनं घरी निघतात. निघण्याआधी गाडीच्या पुस्तकातला दाब परत भरा, आणि तोही टायर थंड असताना मोजून. तसंच ट्रॅकचे मऊ रेसिंग टायर रोजच्या गाडीला लावू नका. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि ऑफिसला जाताना ते तापत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. ट्रॅकआधी ब्रेक ऑइल बदला. चेन तपासा. लेदर सूट, बूट, हातमोजे आणि पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट यांत तडजोड नाही. नेहमीच्या विम्यात शर्यतीतलं नुकसान बसत नाही, पॉलिसी वाचा. आणि ताम्हिणी घाट हा ट्रॅक नाही. तिथे समोरून एसटी येते.

आता निकाल. एकच गाडी असेल आणि रोज तीच चालवायची असेल, तर आरआर ३१०. कामाला दुसरं वाहन असेल आणि ट्रॅकवर वारंवार जाणार असाल, तर आरसी ३९०. आणि मुलांना गाडी घेऊन देणाऱ्या आईवडिलांना एक विनंती आहे. बजेट ठरवताना टायरच्या नव्या जोडीचे आणि एका दिवसाच्या प्रशिक्षणाचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्या पैशांत जी गाडी बसेल, ती घ्या.