शिकणाऱ्या शिक्षकांचे वाईत स्वागत



कृष्णाकाठच्या या गावात मराठी भाषाशिक्षकांचे अधिवेशन भरत आहे, याचा आम्हा वाईकरांना मनापासून आनंद आहे. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे स्वागत करतो.

पाहुण्यांना गावाची ओळख करून देणे हे स्वागताध्यक्षाचे पहिले काम. घाट, ढोल्या गणपती आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आपण पाहालच. पण शिक्षकांसाठी वाईची खरी ओळख कोशांची आहे. इथल्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याच्या खंडांसाठी पूर्वी ग्रंथालय गाठावे लागे. आज हाच विश्वकोश शिवारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाही मोबाइलवर विनामूल्य वाचता येतो. हे तंत्रज्ञानाचे मोठेच देणे आहे. मात्र कोश उभा राहतो तो माणसांच्या सहकार्यावर. एकाने नोंद लिहायची, दुसऱ्याने तपासायची, तिसऱ्याने हटकायचे, मग ती छापायची. शिक्षकांच्या ऑनलाइन शिक्षणाचा विचार करताना मला हीच रीत मार्गदर्शक वाटते.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आपण सारे एका रात्रीत पडद्यावरचे शिक्षक झालो. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, त्यामुळे मुलांचा अभ्यास संध्याकाळनंतर सुरू व्हायचा. डोंगरातल्या वाड्यांवर रेंजसाठी मुले टेकडीवर जाऊन बसायची. जिथे फोनच नव्हता तिथे आपल्यापैकी कितीतरी जण स्वाध्यायाच्या झेरॉक्स घेऊन घरोघरी फिरले. त्या शिक्षकांना मी या व्यासपीठावरून वंदन करतो.

त्या काळात भाषेच्या शिक्षकाचे नुकसान वेगळे होते. भाषा देवाणघेवाणीतून येते आणि पडद्यावर मुलांचे माइक बंद असत. उत्तर ओठांवर येऊन अडखळलेले मूल वर्गात चटकन दिसते, तिथे दिसत नव्हते. तरी एक नवी गोष्ट हाती लागली. मुले धडा वाचून आवाजाचे संदेश पाठवू लागली. तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकता येऊ लागला. कोण जोडाक्षराशी थांबतो, कोण विरामचिन्ह ओलांडून धावतो, कोण अर्थ कळल्यामुळे आपसूक सूर बदलतो, हे इतक्या शांतपणे आपण पूर्वी क्वचितच ऐकले होते. वर्गात अबोल राहणाऱ्या काही मुली त्या संदेशांत मोकळ्या बोलल्या. शाळा सुरू झाल्या तरी हे साधन आपण टाकून देऊ नये.

आता आपल्या स्वतःच्या शिकण्याविषयी. २०१७ साली ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ आले, २०१९ साली शिक्षकांसाठीचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते ऑनलाइन झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. १२ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचे आणि २४ वर्षांनंतरच्या निवड श्रेणीचे प्रशिक्षणही आपल्यापैकी अनेकांनी ऑनलाइन केले. दुर्गम भागातल्या द्विशिक्षकी शाळेतील बाईंना वर्ग बंद न ठेवता राज्यातल्या उत्तम तज्ज्ञांचे व्याख्यान ऐकता येते, रात्री पुन्हा लावता येते, ही सोय मी फार मोलाची मानतो.

पण व्हिडिओ संपला, प्रश्नावली सोडवली, प्रमाणपत्र उतरवून घेतले, इथेच शिकणे थांबत असेल तर वर्गातल्या मुलाला त्यातून काही मिळत नाही. माझे ठाम मत आहे की ऑनलाइन प्रशिक्षणाचा तास सहकाऱ्यांबरोबरच्या चर्चेशी जोडला गेला, तरच तो शिक्षकाला घडवतो. उदाहरण घ्या. तिसरीतले एक मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिते, दुसरे ‘पाणि’ लिहिते. लाल शाईला दोन्ही चुका सारख्याच. पण चार शिक्षक वह्या मांडून बसले की कोणीतरी म्हणते, पहिल्या मुलाच्या घरच्या बोलीत ‘न’ आणि ‘ण’ वेगळे उच्चारतच नाहीत. त्याला आधी फरक ऐकायला शिकवायला हवे. दुसऱ्याला उच्चार येतो, त्याला हवा आहे लेखनाचा सराव. हे निदान कोणताही व्हिडिओ आपल्या वर्गापुरते करून देऊ शकत नाही. व्हिडिओ तत्त्व सांगेल; ते आपल्या मुलांना कसे लागू पडते, हे आपणच एकत्र बसून शोधायचे आहे.

म्हणून या अधिवेशनापुढे मी तीन अपेक्षा ठेवतो. आपल्या केंद्रातील शाळांच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनाआधी मुलांच्या वह्यांना वेळ मिळावा. ऑनलाइन अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी प्रत्येक घटकानंतर वर्गात करून पाहण्यासाठी आणि त्यावर सहकाऱ्याशी बोलण्यासाठी अवधी द्यावा, आणि तो अवधी त्या ५० तासांत धरावा. आणि आपण प्रत्येकाने इथून निघण्यापूर्वी दुसऱ्या तालुक्यातला एक सोबती निवडावा. महिन्यातून एकदा आपल्या तासाचे ध्वनिमुद्रण त्याला पाठवावे, त्याचे आपण ऐकावे आणि मोकळेपणाने बोलावे. यासाठी निधी लागत नाही, आदेशही लागत नाही. लागतो तो परस्परांवरचा विश्वास, आणि तो जोडण्यासाठीच अशी अधिवेशने असतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या गौरवाला जागायचे असेल तर आपल्या वर्गातले प्रत्येक मूल मराठीत निर्भयपणे वाचते, लिहिते, विचार करते, अशी स्थिती आपल्याला आणावी लागेल.

आपल्या निवासाची आणि भोजनाची व्यवस्था वाईतील शाळा, पालक आणि माजी विद्यार्थ्यांनी आपुलकीने केली आहे. काही उणे राहिले तर हक्काने सांगा.  या दोन दिवसांत भरपूर चर्चा करा, एकमेकांचे वर्ग समजून घ्या, आणि तो सोबती निवडल्याशिवाय वाई सोडू नका.